उडदाला चोर ठरवणारी चौकी

मी एक जुनी चौकी आहे. पण मला शोधायला पोलीस ठाण्यात जाऊ नका, मित्रांनो. मी सुरतेतल्या बमरोलीच्या शोभाबाईंच्या पोटात आहे. लहान आतडं जिथं संपत येतं, बेंबीच्या खाली उजव्या अंगाला, तिथं आतड्याच्या आतल्या अस्तरावर माझा मुक्काम. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी असेन मी, फार तर थोडी मोठी. डॉक्टरांच्या पुस्तकात आम्हाला ‘पेयरचे चट्टे’ म्हणतात. हे नाव ऐकलं की कुणालाही आधी मलमाची आठवण येते, पण नाव ठेवताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मी आपली स्वतःला चौकी म्हणते, कारण काम तेच आहे. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघायचं, ओळखीच्याला जाऊ द्यायचं आणि अनोळख्याला थांबवून विचारपूस करायची.

बावन्न वर्षं मी ही नोकरी करते आहे. त्यात माझ्या हातून एकच मोठी चूक झाली, आणि ती निस्तरेपर्यंत शोभाबाईंची खानावळ बुडायची वेळ आली होती. आता सगळं मार्गी लागलं आहे. म्हणूनच सांगायला बसले, नाहीतर मी कसली तोंड उघडते!

माझा जन्म शोभाबाईंच्याही आधीचा. त्या अजून आईच्या पोटात होत्या तेव्हाच, खानदेशातल्या एका लहानशा खेड्यात, माझी जागा ठरून गेली होती. तेव्हा मला काहीच काम नव्हतं. आईच्या पोटात असलेल्या बाळाच्या आतड्यात जंतू नाहीत, घास नाही, सगळी सामसूम. मग शोभाबाई जन्माला आल्या आणि त्यांच्या आईनं, धुरपदाबाईंनी, त्यांना पहिलं चिकाचं दूध पाजलं. ते दूध माझ्यापर्यंत आलं तेव्हा त्यात धुरपदाबाईंच्या शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं होती. प्रतिपिंड म्हणजे जंतूला जाऊन बिलगणारा एक सूक्ष्म पदार्थ. माझ्या हद्दीतलं प्रतिपिंड सहसा जंतूला मारत नाही. ते त्याला असं गुंडाळतं, की भिंतीला धरायला त्याला हातच उरत नाही. मग तो मुकाट्यानं आल्या वाटेनं बाहेर पडतो. मला स्वतःला अजून काही येत नव्हतं, तेव्हा आईच्या दुधातल्या या रखवालदारांनीच माझी चौकी सांभाळली.

त्याच सुमाराला बिऱ्हाडकरू यायला लागले. बिऱ्हाडकरू म्हणजे पोटातले चांगले जंतू. माझ्याकडे ते बेताचेच, पण पलीकडे मोठ्या आतड्यात त्यांची एवढी दाटी आहे, की आपलं सुरत शहर त्यापुढे ओसाड वाटावं. जंतू म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल. पण हे फार कामाचे आहेत. भाकरीतला कोंडा, डाळीचं साल, भाजीचा चोथा हे शोभाबाईंना पचत नाही. ते बिऱ्हाडकरू खातात आणि त्यातून एक आंबटसर पदार्थ तयार करतात. आतड्याच्या अस्तराचं पोट त्यावर भरतं.

या अस्तराबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ही भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची आहे, तुमच्या वहीच्या कागदाहून पातळ. तिच्या एका बाजूला अन्न, जंतू, घाण, सगळं वाहतं आणि दुसऱ्या बाजूला रक्त. एवढ्या पातळ भिंतीवर सगळा भार असल्यामुळे ती चार-पाच दिवसांत जुनी टाकून नवी होते. तिच्यावर एक बुळबुळीत थर असतो. जंतूंनी त्या थरापलीकडेच राहायचं, असा नियम आहे. आणि भिंतीच्या मधेमधे माझ्यासारख्या चौक्या.

माझ्या छपरावर दारवान पेशी आहेत. वाहत्या गर्दीतून त्या चिमूटभर नमुना उचलतात आणि आत देतात. आत हेर पेशी तो नमुना घेऊन तरण्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. हा बघा, हा टायफॉइडचा भाऊबंद; हा बघा, हा नुसता भोपळा. शिकून तयार झालेल्या पेशी रक्तातून फिरून परत अस्तरात येतात आणि पहाऱ्याला उभ्या राहतात. पण सगळ्यांत महत्त्वाच्या पेशी वेगळ्याच. डॉक्टर त्यांना नियामक पेशी म्हणतात, मी त्यांना वडीलधाऱ्या म्हणते. कुणी उगाच हात उगारला, की त्या म्हणतात, “राहू दे गं, घरचंच आहे.” दिवसभरात शंभरदा त्यांना हे म्हणावं लागतं, कारण दिवसभरात येणारं शंभरातलं नव्व्याण्णव खरोखरच घरचं असतं.

लग्न होऊन शोभाबाई सुरतेला आल्या. त्यांचे यजमान मगनभाऊ बमरोलीच्या एका मिलमध्ये होते. नवं पाणी, नवा वारा, गल्लीत नाना मुलखांची माणसं. पहिला महिना मला उसंत नव्हती. रोज एखादा अनोळखी दारात. पण हळूहळू सगळे चेहरे पाठ झाले. सुरती पापडी, फाफडा, उसळीतलं खोबऱ्याचं वाटण, सगळ्याला मी ओळखीची मान डोलवायला लागले. नऊ वर्षांपूर्वी मगनभाऊ गेले आणि शोभाबाईंनी घराच्या पुढच्या खोलीत खानावळ काढली. बायकामुलं गावाकडे ठेवून आलेले चाळीसेक खानदेशी कामगार तिथं जेवतात. त्यांना लागते कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद सालासकट एकत्र दळायचे, त्या पिठाला कळणा म्हणतात. ती भाकरी, डाळ, वर मिरचीचा ठेचा, की गडी खूश.

शोभाबाईंची एक रीत होती. पंगत बसली, ताटं मांडली, की डाळीच्या पातेल्यातला एक थेंब पळीनं डाव्या तळहातावर घ्यायचा, चाटायचा, मान हलवायची आणि मगच पहिल्या ताटात वाढायचं. ती मान हलेपर्यंत कुणी भाकरी मोडत नसे. चाळीस माणसांच्या जेवणाचा पहिला थेंब असा रोज माझ्याकडे यायचा. दुपारी बाराचा थेंब चारच्या सुमाराला माझ्या दारावर हजर. मी त्याला जाऊ द्यायची आणि काही व्हायचं नाही.

काही व्हायचं नाही, हीच माझी सारी कमाई. पण मित्रांनो, आज पोटात काही झालं नाही म्हणून कुणी कुणाचे आभार मानल्याचं तुम्ही ऐकलंय का? दुखलं तर सगळे पोटाला शिव्या देतात. नाही दुखलं तर म्हणतात, भाजी छान होती. मला त्याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण सवय झाली होती.

मग गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला सुरतेजवळच्या पलसाण्याला एका बारशाच्या कार्यक्रमात शोभाबाई बर्फाचं सरबत प्यायल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात एक गुंड जंतू उभा. एकटा नाही, सगळी टोळी घेऊन. मी सगळ्यांना जागं केलं. अस्तरानं पाणी सोडलं, आतड्यानं जोर केला आणि जुलाब सुरू झाले. तुम्हाला जुलाब म्हणजे संकट वाटतं. तो आमचा मोरी धुण्याचा प्रकार आहे. मीठसाखरेचं पाणी पीत, आराम करत तीन-चार दिवस काढले असते, तर आम्ही आमचं आवरून घेतलं असतं.

पण शोभाबाईंना घरी बसायची सोय नव्हती. खानावळवालीचंच पोट बिघडलं, ही बातमी गल्लीत गेली तर? शेजारच्या गल्लीतली एक खानावळ अशाच एका कुजबुजीनं बंद पडलेली त्यांनी पाहिली होती. म्हणून त्या पदर डोक्यावरून घेऊन तीन गल्ल्या सोडून असलेल्या मेडिकलमध्ये गेल्या.

“भाच्यासाठी पाहिजेत,” त्यांनी सांगितलं. “जुलाब लागलेत.”

दुकानातल्या माणसानं जंतू मारायच्या गोळ्यांची एक पट्टी पुढे केली आणि तो गिऱ्हाइकांत गुंतला. शोभाबाईंनी दोन गोळ्या घेतल्या. जुलाब थांबले. उरलेली पट्टी त्यांनी कळण्याच्या पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवून दिली. आठवड्यानं पुन्हा पोट हललं, पुन्हा दोन. मग महिन्यानं दुसऱ्या रंगाच्या दोन. दिवाळी होऊन गेली तरी हे चालूच होतं. हात मात्र त्या साबणानं दहादा धुवायच्या. स्वैपाकाला त्यांनी कधी तसाच हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

त्या गोळ्यांना मी नावं ठेवत नाही. डॉक्टरांनी तपासून दिल्या आणि सांगितल्या तितक्या घेतल्या, तर त्या जीव वाचवतात. पण त्यांना घरचा कोण आणि परका कोण हे कळत नाही. दर खेपेला माझे बिऱ्हाडकरू पटापट मरायचे. ते गेले तशी अस्तराची उपासमार झाली. बुळबुळीत थर विरळ झाला. भिंतीला बारीक बारीक फटी पडल्या. वडीलधाऱ्या पेशी त्या आंबटसर पदार्थावरच शांत राहायच्या. त्यांचा आवाज क्षीण झाला. उरल्या तरण्या, रागीट, दिवसरात्र जागून डोळे लाल झालेल्या पहारेकरणी.

आणि अशा धुमश्चक्रीत एके दिवशी कळण्याच्या भाकरीचा घास आला. माझ्या एका हेर पेशीनं त्यातला उडीद त्या गुंड जंतूच्या अगदी शेजारी उभा असलेला पाहिला. एरवी एखादी वडीलधारी म्हणाली असती, “राहू दे गं.” तेव्हा कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. उडीद चोरांचा साथीदार ठरला.

उडीद, मित्रांनो! धुरपदाबाईंनी मुलीला पहिल्यांदा बोट चाटवलं तेव्हापासूनचा ओळखीचा. बावन्न वर्षं रोज येणारा. त्यालाच मी चोर ठरवलं. तेव्हापासून उडदाचा कण दिसला, की माझ्या पहारेकरणी त्याच्यावर तुटून पडायच्या, झोंबणारी रसायनं ओतायच्या, ती शेजारच्या नसांना लागायची आणि शोभाबाई पोट धरून ओट्याला टेकायच्या. माझ्याच माणसाला मी मारत होते. त्याची लाज मला आजही वाटते.

शोभाबाईंनी भाकरी सोडली. मग डाळही सोसेना. चहा आणि टोस्ट, सकाळ-संध्याकाळ एवढंच. त्यात चोथा नावालाही नाही, म्हणजे उरलेसुरले बिऱ्हाडकरूही उपाशी. पोलकी सैल झाली, त्यांनी ती आतून टाके घालून घट्ट केली. आरशासमोर त्या पोटावरून हात फिरवायच्या आणि कुठं गाठ लागते का बघायच्या. कुणाला बोलायच्या मात्र नाहीत. आणि मग त्यांनी तळहातावरचा थेंबही बंद केला.

चाखल्याशिवाय अंदाजानं मीठ. एक दिवस दोनदा पडलं, एक दिवस पडलंच नाही, मग पुन्हा दोनदा. चाळीस माणसं जेवत होती, पण चकार शब्द नाही. मला बाहेरचं दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं, आणि उरलेलं मी मागाहून होणाऱ्या बोलण्यातून जुळवते. पोट म्हणजे घुमटच. पाण्याचे तांबे नेहमीपेक्षा जास्त रिकामे होत होते, एवढं मला कळायचं. योगराज नावाचा एक गडी आहे, त्याला साधी भेंडी तेलकट झाली तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. तोसुद्धा मान खाली घालून गिळत होता.

नवव्या दिवशी गजेंद्र मागे थांबला. हा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर काम करतो, खानावळ निघाली तेव्हापासूनचा. तेव्हा त्याची रात्रपाळी होती, म्हणून दुपारी घाई नव्हती. सगळे गेल्यावर त्यानं स्वतःचं ताट मोरीत ठेवलं आणि दाराशी उभा राहून आपल्या खानदेशी बोलीत म्हणाला,

“मावशी, एक गोट इचारू का? राग नको धरजो.”

“इचार.”

“पहिले तू हातवर थेंब ली चाखे, मंगच आम्हले वाढे. आठ दिन व्हयनात, तू दाय चाखस नही.”

“भूल पडनी व्हई,” शोभाबाई म्हणाल्या आणि उगाच पातेलं घासायला लागल्या.

“भूल नही. तुना हात देख, कितला बारीक व्हई गयात. मन्ही माय शेवटला दिनमा आशीच व्हई गयी व्हती. तिनी बी सांगं नही.”

पातेल्याचा आवाज थांबला. मग शोभाबाई मोरीपाशीच खाली बसल्या.

“मना पोटमा काहीच टिकत नही रे भाऊ. उडीद खाधा का कळ उठस. कोनले सांगू? खानावळवालीनं पोट बिघडनं, हाई गल्लीमा गयं, तर तुम्ही तरी जेवाले येशात का?”

गजेंद्र हसला की रडला, मला आवाजावरून समजलं नाही. तो म्हणाला, “मावशी, आठ दिन आम्ही खारी दाय खाधी. एक तरी उठी गया का?”

शोभाबाई रडल्या तेव्हा त्यांचं पोट असं गदगदलं, की माझ्या चौकीतलं सगळं हललं. पण बरेच महिने आवळून धरलेलं ते पोट सैल सोडलं गेलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आता कुणीतरी आपल्याकडे बघणार, एवढं मला उमगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्र त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टर हर्षदाबेन मूळच्या सुरतेच्या. पेशंट कुठलाही असो, त्या गुजराती आणि हिंदी मिसळून बोलतात. शोभाबाईंनी पिशवी उलटी केली. अर्ध्या, पाव, एकेक गोळी उरलेल्या सात पट्ट्या टेबलावर पडल्या.

“मासी, ये सब आधा-आधा खाया?” हर्षदाबेननी विचारलं. “कोणे आप्यु? किस डॉक्टरने लिखा?”

“कोनी नही,” शोभाबाई पुटपुटल्या. “आपला मननं.”

हर्षदाबेननी ओरडा केला नाही. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त आणि शौचाच्या तपासण्या लिहून दिल्या, पट्ट्या स्वतःच्या खणात टाकल्या. चार दिवसांनी रिपोर्ट आला, तेव्हा ती दोघं पुन्हा तिथं गेली. शोभाबाई भीत होत्या तसली गाठबिठ काही नव्हती. रक्त कमी होतं, आतडं दुखावलेलं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर आतड्याची एक वळणावळणाची आकृती काढली आणि तिच्या भिंतीवर पेननं एक ठिपका दिला.

“देखो मासी, पेट के अंदर चौकीदार होते हैं. ये. मुझे लगता है, आप का चौकीदार डर गया है. अपने लोगों को भी मार रहा है. उस को गोली नहीं चाहिए, शांति चाहिए.”

मित्रांनो, बावन्न वर्षांत माझा उल्लेख पहिल्यांदा झाला, तोही असा! पण त्यापेक्षा शोभाबाईंनी जे विचारलं ते माझ्या जिव्हारी लागलं. त्या हळूच म्हणाल्या, “मंग तो चौकीदार मले वळखत नही का आते?”

ओळखते हो, शोभाबाई! असं ओरडून सांगावंसं वाटलं. तुमच्या आईच्या दुधापासून ओळखते. फक्त माझं डोकं फिरलं होतं.

हर्षदाबेनना गजेंद्रनं शोभाबाईंचं बोलणं हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “पहचानेगा. टाइम लगेगा.” मग त्यांनी पथ्य सांगितलं. पाणी उकळून प्यायचं. मुगाची पातळ खिचडी, ताक, केळं, शिजवलेली भाजी, सगळं थोडं थोडं. चहा-टोस्टवर राहायचं नाही. ताप आला, शौचातून रक्त पडलं तर लगेच दवाखान्यात यायचं. उडीद सध्या बंद. कधी सुरू करायचा ते त्या सांगतील, आणि तेव्हाही अंगावर पुरळ, ओठाला सूज, धाप असलं काही जाणवलं तर धावत यायचं. शेवटी त्यांनी ती गोष्ट सांगितली, जिला शोभाबाई इतके महिने भीत होत्या. जुलाब पूर्ण थांबून दोन दिवस होईपर्यंत दुसऱ्यांसाठी रांधायचं नाही.

खानावळ बंद! पण शोभाबाई घराच्या दाराशी पोचल्या तर आतून भांड्यांचा आवाज येत होता. मावशी दवाखान्यात गेली म्हणून योगराज आणि आणखी चौघे कळण्याचं पीठ मळायला बसले होते. त्या दिवसापासून पुढचा आठवडा चाळीस माणसांचा स्वैपाक त्यांनीच पाळीपाळीनं केला. कुणाची भाकरी थापतानाच फाटायची, कुणाची तव्याला चिकटून बसायची. शोभाबाई दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. हाताला काम नव्हतं म्हणून तोंडाला दुप्पट होतं.

“आरे, परातमा पानी कितलं वतस!” त्या ओरडायच्या. “भाकर करनी शे का पेज?”

“मावशी, तू आराम कर वं,” योगराज म्हणायचा. “बिघडनी तर आम्हीच खासूत.”

गल्लीत बातमी गेलीच. पण तिकडून जे आलं ते वेगळंच होतं. समोरच्या घरातून रोज सकाळी ताक यायला लागलं. कुणी पिकलेली केळी ठेवून जायचं. जेवणारा एकही माणूस दुसऱ्या खानावळीत गेला नाही. शोभाबाईंनी जे लपवण्यासाठी एवढा जीव जाळला, ते उघड झाल्यावर कुणीच पळालं नाही. मला तर त्यांचा राग आला आणि कीवही आली. वेडी बाई, आधीच बोलली असती तर!

आत माझ्याकडेही कामं सुरू झाली होती. गोळ्या बंद झाल्या. खिचडी आणि भाज्यांचा चोथा यायला लागला. बिऱ्हाडकरू एकदोघे करून परतले. कुठून आले म्हणाल, तर माझ्या शेजारी अपेंडिक्स आहे. जग त्याला बिनकामाचं शेपूट म्हणतं. पण वाईट दिवसांत चांगले जंतू तिथं दडून राहतात आणि नंतर बाहेर पडतात, असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मी तर शेजारीणच, मला तो पटतो. अस्तराला पुन्हा खायला मिळालं. दर चार-पाच दिवसांनी येणारी नवी भिंत आधीच्यापेक्षा धड यायला लागली. फटी बुजल्या. बुळबुळीत थर दाट झाला. वडीलधाऱ्यांना आवाज फुटला. आठव्या दिवशी शोभाबाई पुन्हा चुलीपुढे उभ्या राहिल्या, पण स्वतः जेवायच्या ती खिचडीच. आणि डाळीचं मीठ गजेंद्र चाखायचा.

फेब्रुवारीत हर्षदाबेन म्हणाल्या, “मासी, अब थोडा सा उडीद. सिर्फ एक टुकडा.”

त्या दिवशी पंगत उठल्यावर शोभाबाईंनी कळण्याच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा मोडला. गजेंद्र समोर बसून होता. तुकडा खाल्ला आणि दोघं वाट बघायला लागली. बाहेर ती दोघं, आत मी. एक वाजला, दोन वाजले. शोभाबाईंचा हात पोटावरच होता. त्याची ऊब मला भिंतीतून जाणवत होती. तीन. मला माहीत होतं, अजून वेळ आहे. मला मात्र माझीच भीती वाटत होती.

चारच्या सुमाराला उडीद दारात आला. दारवानानं चिमूट उचलून आत दिली. हेर पेशीनं तो नमुना धरला आणि सगळ्या पहारेकरणी एकदम उठून उभ्या राहिल्या. जुना राग त्या विसरल्या नव्हत्या. एकीनं तर हात उगारलाच. तेवढ्यात मागून एक वडीलधारी पुढे आली. फार मोठ्यानं बोलली नाही ती.

“राहू दे गं. घरचंच आहे.”

हात खाली आला. उडीद पुढे गेला.

पाच वाजता गजेंद्रला कामावर जायची तयारी करायची होती. त्यानं विचारलं, “काय व्हयनं, मावशी?”

शोभाबाईंनी पोटावरचा हात काढला. थोडं थांबून, जणू आत कानोसा घेऊन, त्या म्हणाल्या, “काहीच नही व्हयनं.” आणि इतक्या हसल्या, की मला पुन्हा सगळं सावरून बसावं लागलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. मधे दोनदा पोट कुरकुरलं. पण तुकड्याची चतकोर झाली, चतकोरीची अर्धी. पोलक्यांचे आतले टाके उसवले गेले. पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली आता काही नसतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या चौक्या तुमच्याही पोटात आहेत, लहान वयात तर पुष्कळ. माणूस म्हातारा होतो तशा त्या कमी होत जातात, म्हणून जपायला आत्तापासूनच लागा. जेवायच्या आधी हात धुवा. उरलेली गोळी मनानं घेऊ नका आणि दुसऱ्याला देऊ नका. माझ्या बिऱ्हाडकरूंसाठी ताटातली भाजी आणि भाकरी संपवत जा. आणि पोट दुखलं तर बोला. आईला सांगा, बाईंना सांगा, कुणालाही सांगा, पण सांगा. आम्ही आत राहून पुष्कळ करतो, पण तुमच्या वतीनं बाहेर जाऊन बोलणं आम्हाला जमत नाही.

काल दुपारी बाराला पंगत बसली होती. ताटं मांडून झाली, भाकरी पडल्या. गजेंद्र नेहमीप्रमाणे पळी घ्यायला उठला, तर शोभाबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. डावा तळहात पुढे केला. त्यावर डाळीचा एक थेंब टाकला. चाळीस माणसांपैकी कुणीही भाकरी मोडली नव्हती. शोभाबाईंनी थेंब चाटला, कपाळाला आठी घातली आणि गजेंद्रकडे पाहिलं.

“मीठ कमी शे,” त्या म्हणाल्या.

सगळी पंगत ओरडली. योगराजनं तर ताटच वाजवलं.

तो थेंब चार वाजता माझ्या दारावर आला. मी त्याला ओळखलं आणि जाऊ दिलं.